आडवाटेचं रक्त

काल्याच्या कीर्तनात, भर मंडपात, अख्ख्या गावासमोर प्रेमसिंगच्या गळ्यातली तुळशीची माळ मी माझ्या हातानं उतरवली. त्याला पाच मिनिटंही झाली नसतील तोच पोरगा मंडपाच्या मेढीला धरून ओकला. ओकला ते रक्त होतं. थेंब-दोन थेंब नव्हे, काळ्या-तांबड्या गुठळ्यांसकट तांब्याभर.

गोष्ट एकोणीसशे त्रेसष्टच्या चैत्रातली. आमचं गाव उमरखेडच्या अलीकडे, पुसदच्या सडकेपासून दीड कोस आत. सप्ताहाची वीणा माझ्या गळ्यात असायची. मी उकंडराव, शेतीवाला माणूस, चौथी पास. पण कीर्तनाचं वेड असं की बुवांनी चाल धरली की मला भूक-तहान कळत नसे. आणि त्या चालीला मागून उचलून धरणारा आवाज पंचक्रोशीत एकच होता, नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्या धावजीच्या पोराचा. एकोणीस वर्षांचा प्रेमसिंग वर चढला की मृदंगवाल्याचा हातही क्षणभर हलका पडायचा. पोट मात्र लहानपणापासून डाव्या बाजूनं फुगलेलं. टाळकरी त्याला "ढोलक्या" म्हणत. तोही हसून म्हणायचा, "मृदंग फुटला तर मले वाजवजा, बाप्पा."

त्या सप्ताहात पाचव्या दिवशी त्याला ताप आला, घसा बसला. मी घाबरलो. त्याच्यासाठी नाही, कीर्तनासाठी. हे आता कबूल करतो. उमरखेडच्या दुकानातून डोकेदुखी-तापाच्या पांढऱ्या गोळ्या आणल्या आणि एकादशीच्या उपाशी पोटी त्याला दोन दिल्या, रात्री दोन, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. आवाज सुटला. मी पांडुरंगाचे आभार मानले.

काल्याच्या दिवशी सकाळी तो टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहिला तो झुलतच. चेहरा पांढराफटक, डोळे अर्धे मिटलेले, पाय एक इकडे एक तिकडे. बुवांनी चाल सोडली आणि मागून आवाजच उठला नाही. लोक कुजबुजायला लागले. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "लावून आला वाटते. तांड्यावर भट्टी लागली असन." माझं डोकं फिरलं. माळकऱ्यानं पिऊन हरीच्या दारी उभं राहायचं? मी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि त्याच्यासमोर गेलो.

"पेला काय रे?"

"नाई ना, काका. चक्कर येऊन राह्यली. दोन दिसापासून काळं-काळं होऊन राह्यलं परसाकडे..."

"झुलून राह्यला अन् वरतून खोटं बोलतं?"

तो काही बोलायच्या आत मी माळ ओढून काढली. त्यानं प्रतिकार केला नाही. माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मग मेढीकडे गेला.

बैलगाडीत टाकून आम्ही त्याला सडकेवर आणला. आई जमनी गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, बाप धावजी बैल पळवत होता, मी मागून धावत होतो. सडकेवर सरकीचा ट्रक मिळाला. वाटेत तो आणखी एकदा ओकला. जमनीच्या घेरदार फेटिया घागऱ्यावरचे आरसे रक्तानं झाकून गेले. ती माझ्याशी एकच वाक्य बोलली.

"माळ काढली ना, मालक? आता जीव बी काढा."

पुसदला देऊळकर डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना होता. मुंबईला शिकून, तिथल्या मोठ्या इस्पितळात चार वर्षं काढून तो माणूस गावी परत आला होता. त्यांनी प्रेमसिंगची नाडी धरली, पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि सिस्टर इंदूबाईंना म्हणाले, "नाडी एकशे चाळीस. माझी लाल पेटी काढा."

मग आमच्याकडे वळले. "पितो का?"

धावजीनं मान खाली घातली. त्याचाही विश्वास उडाला होता की काय कोण जाणे. जमनी मात्र पुढे आली. "सेवाभायाची आण, साहेब. थेंब नाई."

"मी विचारतोय कारण विचारावं लागतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचे हात प्रेमसिंगच्या पोटावर फिरत होते. डाव्या बाजूला बोटं थांबली. तिथे जुने डाग होते, तापल्या विळ्याचे, एकाखाली एक. "हे कधी दिले?"

"लहानपणी. पानथरी वाढलती ना."

"पानथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत आली आहे." मग त्यांनी उजवीकडे बरगडीखाली दाबून पाहिलं, डोळे पिवळे आहेत का पाहिलं, पोटात पाणी आहे का ते टिचक्या मारून पाहिलं. "लिव्हर मऊ आहे. डोळे स्वच्छ. पाणी नाही. दारूनं लिव्हर सडलेला माणूस असा दिसत नाही. हा पीत नाही."

हे ते सहज बोलले, हात धुता धुता. पण मंडपात पोरगा मला हेच सांगत होता.

लाल पेटीतून एक तांबडी रबरी नळी निघाली. तिच्या टोकाशी दोन फुगे, अजून मिटलेले. डॉक्टरांनी ती तेल लावून प्रेमसिंगच्या नाकातून घातली. तो ओकारी देत होता, हात झाडत होता, धावजीनं आणि मी त्याचे खांदे दाबून धरले होते. नळी पोटात पोचली तशी पिचकारीनं खालचा फुगा फुगवला, नळी वर ओढून घेतली, मग अन्ननळीतला लांबट फुगा फुगवला. नाकाबाहेरच्या टोकाला दोरी बांधून ती पलंगाच्या दांडीवरून सोडली आणि दोरीला सलाईनची अर्धी भरलेली बाटली लटकवली. नळी ताणून राहिली. नळीच्या तिसऱ्या तोंडातून इंदूबाईंनी पोटातलं रक्त ओढून काढलं, पाणी घालून पुन्हा ओढलं. लाल आलं, मग कमी लाल, मग गुलाबी.

"फुग्यांनी रक्त दाबलं गेलंय," डॉक्टर म्हणाले. "आता रक्त पाहिजे."

आमच्या तिघांची बोटं टोचून काचेच्या पट्टीवर थेंब मिसळून पाहिले. धावजीचं जुळलं. माझं जुळलं. जमनीचं जुळेना. ती डॉक्टरांवर चिडली.

"नऊ महिने माह्याच रक्तावर वाढला ना हा? आता कायले जुळत नाई?"

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "तुमची चूक नाही, बाई. असं होतं."

धावजीची बाटली लगेच लागली. माझीही काढून घेतली. मी उठलो तेव्हा कोपरीच्या खिशात माळ हाताला लागली. ती काढून मी धावजीपुढे धरली. त्यानं ती घेतली, पोराच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली आणि माझ्याकडे न पाहता पुन्हा खाटेशी बसला. मला वाटलं होतं, शिव्या तरी देईल.

संध्याकाळच्या आत डॉक्टर आम्हाला समजावून सांगायला बसले. चांगला माणूस. त्यांनी धावजीलाच विचारलं, "तुमच्या घरी लदेणी होती का कधी?"

"माह्या आज्याची होती, साहेब. दोनशे बैलं. मीठ न्यायचे, धान्य आनायचे."

"मग ऐका. आपण जे खातो त्याचं सत्त्व आतड्यांतून रक्तात उतरतं. ते रक्त थेट काळजाकडे, म्हणजे हृदयाकडे जात नाही. आतड्यांचं, पानथरीचं, सगळं रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होतं आणि आधी लिव्हरकडे जातं. लिव्हर म्हणजे नाका. तिथे झडती होते, वाईट काढून टाकलं जातं, चांगलं ठेवलं जातं, मग माल पुढे. त्या शिरेला पोर्टल व्हेन म्हणतात."

"म्हंजे घाट," धावजी म्हणाला.

"घाट म्हणा. दरड कोसळून घाट बंद पडला तर तुमच्या आज्याचे बैल काय करत?"

"थांबत थोडीच! माल तर पोचवाच लागते. आडवाटेनं घालत. झाडोऱ्यातून, नाल्यातून."

"याचा घाट लहानपणीच बंद पडलाय. रक्त मागे तुंबलं, म्हणून पानथरी फुगली. आणि मग त्यानं आडवाटा शोधल्या. त्यातली एक वाट अन्ननळीच्या खालच्या टोकातून जाते. तिथल्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक. दोनशे बैल त्या पायवाटेनं घातले तर कडा ढासळणारच. आज ती ढासळली."

धावजीनं बोटानं फरशीवर एक वाट काढून पाहिली. मग म्हणाला, "घाट बंद काहून पडला, साहेब?"

डॉक्टर जमनीकडे वळले. "जन्मला तेव्हा बेंबी पिकली होती का?"

जमनीचं तोंड उघडंच राहिलं. "हाव. वावरातच झालता. सासूनं नाळेवर चुलीची राख अन् शेण लावलतं. पू झाला. पंधरा दिस ताप होता. आमी समजलो गेलाच."

"बेंबीतून एक शीर आत त्याच मोठ्या शिरेला जाते. पू त्या वाटेनं आत गेला असावा आणि आत रक्त गोठून शीर बुजली असावी. मी खात्रीनं नाही सांगत. कित्येकदा कारण सापडतच नाही."

"आमच्यात सगळेच राख लावतात," जमनी म्हणाली. "माह्या चार पोरांले लावली. याच्याच बेंबीनं काय घोडं मारलं?"

डॉक्टर उठता उठता म्हणाले, "इतकी वर्षं तग धरली, मग आत्ताच का फुटलं? मागच्या आठवड्यात काही औषध घेतलं का? डोकेदुखीच्या गोळ्या वगैरे?"

मला गप्प बसता आलं असतं. धावजी-जमनीला गोळ्यांचं ठाऊक नव्हतं. पण समोर तो पोरगा नाकातून नळी ताणलेला पडला होता, आणि त्याच्या अंगात माझ्या अंगातलं रक्त थेंब थेंब उतरत होतं.

"मी दिल्या," मी म्हणालो. "आठ. उपाशी पोटी. त्याचा आवाज बसू नये म्हणून."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. "त्या गोळ्या आतून ओरखडतात. रक्त गोठू देत नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं, काका. पण आता माहीत झालं." एवढंच बोलून ते गेले.

जमनी बाकावर माझ्या शेजारीच होती. ती सरकून लांब बसली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "एकानं राख घातली, एकानं गोळी. पोट्ट्याच्या नशिबी आपण दोघं आलो, मालक."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सगळं तपासलं. पोटातलं पाणी जवळजवळ स्वच्छ येत होतं. नाडी शंभरावर उतरली होती. फुगे दुपारी चारला सोडायचे, असं ठरलं. तेवढ्यात निरोप आला, शेंबाळपिंपरीच्या वाटेवरच्या एका गावात बाळंतीण अडली आहे. डॉक्टरांनी जीप काढली. जायच्या आधी त्यांनी खाटेच्या दांडीला गॉजच्या पट्टीनं एक कात्री बांधली आणि मला बोलावलं.

"काका, तुम्ही इथून हलायचं नाही. हे रबर जुनं आहे. खालचा फुगा फुटला किंवा बसला, तर बाटलीच्या वजनानं नळी वर सरकेल आणि वरचा फुगा घशात येऊन अडकेल. श्वास बंद. तेव्हा कोणाला हाक मारत बसायचं नाही. नाकापाशी नळी कापायची, आडवी, पूर्ण. हवा निघून जाईल. मग नळी ओढून काढायची."

"अन् रक्त?"

"रक्त पुन्हा येऊ शकतं. दुसरी नळी माझ्याकडे नाही. पण रक्तानं मरायला तास लागतो, श्वासानं चार मिनिटं. विचार करायचा नाही. कापायचं."

मी मान हलवली. धावजी बर्फ आणायला बाजारात गेला होता. इंदूबाई आतल्या खोलीत दुसऱ्या पेशंटचं ड्रेसिंग करत होत्या. ऊन पत्र्यावर तापत होतं. प्रेमसिंगला थुंकी गिळायची नव्हती. जमनी त्याच्या तोंडाशी वाटी धरून होती आणि तो थोडं थोडं थुंकत होता. त्यानं नळीला हात लावू नये, मन रमावं म्हणून मी हळू आवाजात भजन धरलं. त्याचं बोट चादरीवर ताल देत होतं. मधूनच मी मात्रा चुकलो की त्याच्या कपाळावर आठी पडायची. मला तेवढ्यानंही बरं वाटत होतं.

बारा वाजून गेले होते. त्याला उचकी लागली. एक, दोन, तीन. चौथ्या उचकीला दांडीवरची दोरी सरकली आणि बाटली दाणकन फरशीवर आली.

प्रेमसिंगनं दोन्ही हात गळ्याला लावले. तोंड उघडं, पण आवाज नाही. छाती वर ओढली जात होती, आत काहीच जात नव्हतं. डोळे बाहेर आले. ओठ आधी करडे, मग जांभळे.

कात्री माझ्या हातात होती. गॉज तोडून मी ती कधी ओढून घेतली ते आठवत नाही. नळी दोन बोटांत धरली. आणि हात थांबला.

मला त्या क्षणी मंडपातली ती गुठळ्यांची ओकारी दिसली. ही नळी कापली की ते दार पुन्हा उघडणार. दुसरी नळी नाही. डॉक्टर सात कोसांवर. याआधी दोनदा मी या पोराच्या बाबतीत अगदी खात्रीनं वागलो होतो, आणि दोन्हीदा चुकलो होतो. तिसऱ्यांदा हात उचलेना. देवा, तूच काप, असं मी मनात म्हणत होतो. कात्री मात्र माझ्याच मुठीत घट्ट होती.

"याडीऽऽ!" असं काहीतरी जमनी ओरडली, स्वतःच्या मेलेल्या आईला हाक मारत. मग तिनं माझं मनगट पिरगाळलं, कात्री हिसकली आणि नळी कापली. रबर चिवट होतं. पहिल्यांदा अर्धंच कापलं गेलं. दुसऱ्यांदा तिनं दातओठ खाऊन दाबलं. फुस्स् करून हवा निघाली. तिनं नळी दोन्ही हातांनी ओढली, हात-दीड हात, रक्त-शेंबडानं माखलेली, आणि फरशीवर फेकली.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याच्या छातीत घर्रकन हवा शिरली. पुन्हा शिरली. तो खोकला, रडला, आणि परत श्वास घेतला.

इंदूबाई धावत आल्या. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं. "किती वेळ अडकलं होतं?"

"मले का माहीत!" जमनीनं माझ्याकडे बोट केलं. "या मालकाले विचारा. कात्री घेऊन फोटोत उभं राह्यल्यासारखे उभे होते!"

तिचं खरं होतं.

आता फक्त वाट पाहायची होती. इंदूबाईंनी माझ्या रक्ताची राखून ठेवलेली अर्धी बाटली जोरात सोडली. डॉक्टरांना आणायला माणूस सायकलवर गेला. धावजी बर्फ घेऊन आला तो दारातच थबकला, फरशीवरची नळी पाहून. जमनीनं त्याला त्यांच्या बोलीत दोन-तीन वाक्यांत सगळं सांगितलं. तो खाटेच्या पायथ्याशी बसला आणि पोराचे तळवे चोळायला लागला.

दर पंधरा मिनिटांनी इंदूबाई नाडी मोजत होत्या. एकशे दहा. एकशे सोळा. एकशे अठरा. मी आकडे ऐकत होतो आणि प्रत्येक आकडा आधीच्याशी ताडून पाहत होतो. त्यानं एकदा थुंकी टाकली, ती तांबूस होती. आम्ही चौघंही त्या वाटीवर वाकलो.

"ही घशाची आहे, नळी ओढताना खरचटलं," इंदूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पक्का नव्हता.

एकशे अठरा. एकशे बारा. मी पुन्हा भजन धरलं आणि पहिल्याच ओळीला सोडून दिलं. जमनीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणा ना. सकाळपासून कावल्यासारखे म्हणूनच राह्यले, आता काहून थांबले?"

मी म्हटलं. बेसूर म्हटलं.

साडेतीनला जीप आली. डॉक्टरांनी कापलेली नळी उचलून पाहिली, खालच्या फुग्याला गेलेली चीर बोटानं उघडली. "कोणी कापली?"

"आईनं," मी म्हणालो. "मला झालं नाही, साहेब."

डॉक्टरांनी जमनीला विचारलं, "किती लवकर?"

"मी मोजलं नाई. पण वाट पाहून पाहून कापलं," ती म्हणाली. "मालकाची वाट पाहिली मी पहिले."

डॉक्टरांनी पोट दाबलं, पापण्या पाहिल्या, नाडी स्वतः मोजली. शंभर. अर्ध्या तासानं सत्त्याण्णव. मग खाटेच्या कडेला बसून म्हणाले, "आडवाट सध्या बुजलीय. पण घाट बंदच आहे, धावजी. हे पुन्हा फुटणार. दहा-बारा दिवसांनी अंगात ताकद आली की मुंबईला न्यायचा. तिथे माझे गुरू आहेत. ते तुंबलेल्या शिरेला बाजूच्या मोठ्या शिरेशी जोडून देतात. नवी सडक. सगळेच वाचत नाहीत, हेही सांगतो."

"अन् नाई नेला तर?"

"मग पुढच्या वेळी ट्रक मिळेलच असं नाही."

धावजीनं पोराकडे पाहिलं. "नेतो."

"मी बी येतो," मी म्हणालो. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही.

प्रेमसिंगनं डोळे उघडले. घसा सोलवटलेला; आवाज म्हणजे कागद फाटल्यासारखा. तो काय म्हणतो ते ऐकायला जमनी खाली वाकली.

"पाणी मागून राह्यला, साहेब."

डॉक्टरांनी इंदूबाईंकडे पाहिलं. वितळलेल्या बर्फाचं पाणी चमच्यात घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या ओठांवर टेकवलं. "हळू. एक घोट."

त्याचा कंठ वर गेला, खाली आला. आम्ही कोणीच हललो नाही. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते. एक मिनिट. दोन. धावजीचे हात तळव्यांवर तसेच थांबलेले. पाचव्या मिनिटाला डॉक्टरांनी चमचा पुन्हा भरला.

पाणी आत राहिलं होतं.

"अजून," प्रेमसिंग म्हणाला.